शड्डू न ठोकता

रस्त्याला कान आहेत, हे कोल्हापुरात सगळ्यांत आधी ज्या चार-पाच जणांना कळलं, त्यांत मी होते. ही गोष्ट मी माझ्या थोरल्या भावाला, धैर्यशीलला, सांगितली नाही. दर रविवारी पहाटे तो त्याच रस्त्यावर शर्यत लावतो हे ठाऊक असूनही सांगितली नाही. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती, आणि सही केली की ती पाळायची असते अशी माझी समजूत होती.

भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी डॉ. उपाध्ये यांच्या भूस्पंदन केंद्रात सहायक म्हणून लागले. घाटातली दरड कोसळण्याआधी डोंगर कुरकुरतो, ती कुरकुर ऐकायची, हे केंद्राचं काम. साधन म्हणून वेगळं काही विकत घ्यावं लागत नव्हतं. इंटरनेटसाठी रस्त्याकडेला जागोजागी काचेची तार पुरलेली आहे, तीच आम्ही वापरत होतो.

ही तार केसाएवढी असते. तिच्या एका टोकातून लेझरचा अगदी आखूड झोत सोडला, की काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून किंचित प्रकाश मागे फिरतो. तो किती वेळात परतला त्यावरून कुठून परतला हे कळतं. जमीन हलली की तार ताणली जाते, मीटरमागे एखादा अब्जांश मीटर, आणि तेवढ्यानंही परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. हे मोजमाप सेकंदाला हजारदा केलं, की दर पाच मीटरवर जमिनीत एक कान ठेवल्यासारखं होतं. चाचणीसाठी आम्हाला गावाजवळची वीस किलोमीटर तार मिळाली होती. म्हणजे चार हजार कान.

पडद्यावर आडवं अंतर आणि उभा वेळ मांडला की चालती गाडी तिरक्या रेघेसारखी दिसते. जितका वेग जास्त, तितकी रेघ आडवी. ट्रकची रेघ जाड, सायकलची जेमतेम. मोटारसायकलीचं तर इंजिनही मोजता येतं. एका सिलिंडरच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एक स्फोट होतो. मिनिटाला नऊ हजार फेऱ्या म्हणजे सेकंदाला पंचाहत्तर स्फोट, आणि ते पंचाहत्तर ठोके तार इमानदारीनं मोजते.

फक्त नाव तिला ऐकू येत नाही. गाडी कोणती, किती वेगात, हे रस्ता सांगेल. कोणाची, हे सांगणार नाही. त्यामुळे धैर्यशील सुरक्षित आहे असा हिशेब मी मनाशी केला होता.

जानेवारीत एका सकाळी उपाध्ये सरांनी मला त्यांच्या पडद्यासमोर बसवलं.

नदीच्या पुलापासून साखर कारखान्याच्या फाट्यापर्यंत साडेतीन किलोमीटर रस्ता ओळंब्यासारखा सरळ आहे. तिथल्या रविवार पहाटेच्या रेघा जवळजवळ आडव्या होत्या.

"ताशी एकशे साठ, एकशे सत्तर," सर म्हणाले. "ते राहू दे. मला याचं कोडं पडलंय." त्यांनी रेघांच्या मुळाशी बोट नेलं. "इथे गाडी जागेवर उभी आहे आणि इंजिन चढतंय, उतरतंय. दोन आखूड, एक लांब. ही दुसरी गाडी, तीन आखूड. हिचं लांब, आखूड, लांब. आठ महिने मी बघतोय, हेच नमुने पुन्हा पुन्हा येतायत. इंजिन तापवायचं तर कसंही तापवतील. इतकं काटेकोर कशाला?"

मला हसू आलं. "सर, हा शड्डू आहे."

"कुस्तीतला?"

"तसाच. लाल मातीत पैलवान मांडीवर थाप मारून शड्डू ठोकतो. इथे क्लच दाबून थ्रॉटलनं ठोकतात. उद्यमनगरात जब्बारभाई शिकलगार म्हणून मिस्त्री आहेत, सगळी पोरं त्यांना उस्ताद मानतात. नव्या पोराची गाडी पहिल्यांदा बांधून झाली की ते त्याला शड्डू देतात. एकाचा दुसऱ्यानं घ्यायचा नाही. आणि शड्डू न ठोकता सुटलात तर ती शर्यत धरतच नाहीत."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे ही सही आहे."

"सहीच," मी म्हणाले.

आठ महिने न सुटलेलं कोडं मी अर्ध्या मिनिटात सोडवलं होतं. त्या दिवशी मी घरी चालत गेले ते जवळजवळ उड्या मारतच. पुढच्या महिन्याभरात मी सगळे शड्डू वेगळे काढले, त्यांची लय मिलिसेकंदात मोजली, एकच माणूस दर वेळी किती चुकतो तेही मोजलं. फार कमी चुकतात. दोन आखूड, एक लांब, अर्धा सेकंद थांबून पुन्हा एक आखूड, हा शड्डू मी लहानपणी भावाच्या मोपेडच्या मागच्या सीटवर बसून ऐकलेला होता. त्याला मी 'नमुना सात' म्हटलं. नाव लिहिलं नाही. काळजी घेणं यालाच म्हणतात, असं तेव्हा वाटत होतं.

मार्चमध्ये जब्बारभाईंचा पुतण्या मोहसीन फाट्यावर गेला. बाजूच्या रस्त्यानं दुधाचा टेम्पो आला. सोमवारी मी ऑफिसात ती रेघ पाहिली. आडवी, सरळ, एकशे बावन्न, आणि मग टेम्पोच्या जाड रेघेला लागून संपलेली. मुळाशी त्याचा शड्डू होता. तीन आखूड. मोहसीन बावीस वर्षांचा होता. त्यानं मला केमिस्ट्रीच्या वह्या परत केल्या नव्हत्या, कारण मी त्या कधी मागितल्याच नाहीत.

त्याच आठवड्यात मी सरांपुढे चार पानांचा प्रस्ताव ठेवला. माळावर एक बंद धावपट्टी आहे, विमानं शिकवणारी संस्था गेल्यापासून तिथे शेळ्या चरतात. ती रविवारी खुली करायची. ट्रॅकवर जागा मिळाली तर पोरं रस्ता सोडतात की नाही, हे आपली तार आकड्यांत सांगू शकते. देशात हे कोणी मोजलेलं नाही.

"पोरं येतील?" सरांनी विचारलं. "नाव आणि परवान्याचा क्रमांक द्यावा लागेल. विम्याला लागतो."

"मागचं उकरून काढणार नसतील तर येतील."

सर म्हणाले, "कोणी मागचं काढेल असं मला वाटत नाही."

शास्त्रज्ञाचं वाक्य कसं वाचायचं हे मला शिकवलेलं होतं. 'वाटत नाही' म्हणजे किती टक्के, हे विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. परवानग्या हातात पडायला नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटला. मग मी ते वाक्य घेऊन उद्यमनगरात गेले.

जब्बारभाई एका जुन्या पेट्रोलच्या गाडीचा कार्बोरेटर उघडून बसले होते. नव्या विजेच्या गाड्यांना कारखान्यातूनच वेगाचं कुलूप लागून येतं, त्यामुळे अशा जुन्या गाड्यांना गावात पुन्हा भाव आला होता. धैर्यशील फौंड्रीतली पहिली पाळी संपवून तिथेच आला होता. आणखी सहा-सात जण होते.

"ट्रॅक?" जब्बारभाई मान वर न करता म्हणाले. "हितं? आन् आमाला आत घेणार?"

"फुकट. दर रविवारी."

"त्या नऊशे किलोमीटरवरच्या ट्रॅकला गेलतो एकदा. कातड्याचा सूट पायजे, संघटनेचं कार्ड पायजे, गाडी टेम्पोत घालून न्ह्यायची. यवढं करून वीस मिन्टं चालवायला दिली. मोहसीन म्हनला, चाचा, यवढ्यात तर इंजन बी तापत न्हाई." ते थोडा वेळ कार्बोरेटरच्या जेटमध्ये फुंकर मारत राहिले. "लिहून दिलंय का कुनी, मागचं काढणार न्हाई म्हणून?"

"लिहून नाही."

"मग?"

धैर्यशीलनं माझ्याकडे बघितलं. नवा शर्यतबंदी कायदा सगळ्यांना पाठ होता. तीन शर्यती सिद्ध झाल्या की परवाना जन्मभरासाठी रद्द, आणि गाडी यंत्रात घालून चेपायची.

"मागचं कुणी काढणार न्हाई," मी म्हणाले.

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय."

कोल्हापुरात आम्ही मुलीही घरच्या माणसांत 'येतो, जातो, म्हणतो' असंच बोलतो. ऑफिसात मी 'म्हणते'. त्या दोन बोलींमध्ये मी सरांचं 'वाटत नाही' कुठेतरी सांडून आले होते.

धैर्यशील बाकीच्यांकडे वळला. "तेजू म्हणतीया म्हणजे झालं. तेजस्विनी चौगुले, एम.एस्सी. आमच्या घरात यवढीच एक शिकलेली हाय, तिच्यावर बी इस्वास न्हाई म्हणायचं का?"

"शिकलेल्यांवरच न्हाई माझा," जब्बारभाई म्हणाले. पोरं हसली. मग त्यांनी कार्बोरेटर खाली ठेवला, हात पुसले आणि यादीत पहिलं नाव स्वतःचं घातलं.

धावपट्टीच्या कडेनं तार मी स्वतः उभी राहून पुरून घेतली. तीन दिवस उन्हात. रस्त्याशी तुलना करायची तर मोजमाप एकाच पद्धतीचं हवं, असं सर म्हणाले, आणि ते शास्त्रीयदृष्ट्या बरोबरच होतं.

सोळा नोव्हेंबर, पहिला रविवार. जुन्या टायरांची वळणं मांडली होती, रुग्णवाहिका उभी होती, एकतीस जण आले होते. प्रत्येकाच्या छातीवर क्रमांक, आणि माझ्या हातातल्या यादीत क्रमांकापुढे नाव. मी मार्शल होते. नारिंगी झेंडा माझ्याकडे होता.

पहिल्या जोडीत धैर्यशील होता. रेघेवर आल्यावर त्यानं हेल्मेटची काच वर केली.

"तेजू, हितं शड्डू चालतोय का? का सरकारी जागा म्हणून गप सुटायचं?"

"ठोक की," मी म्हणाले.

दोन आखूड. एक लांब. अर्धा सेकंद. एक आखूड.

मग एकेक करत एकतीस जणांनी ठोकला. जब्बारभाईंनी शेवटी. त्यांचा शड्डू मी कधी ऐकला नव्हता. चार लांब, एकदम शांत, जणू कोणी दार वाजवतंय आणि आत माणूस आहे याची त्याला खात्री आहे. माझ्या पायाखालची तार सगळं ऐकत होती.

ते आठ रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले रविवार होते. पाचव्या आठवड्यात एक जण वळणावर घसरला, तीस मीटर फरफटत जाऊन टायरांत शिरला, उठला, आणि फाटलेल्या कोपराला शिव्या देत गाडी उचलायला गेला. रस्त्यावर त्या तीस मीटरांत टेम्पो असता. पुलाजवळच्या रस्त्यावर आधी रविवारी सरासरी चौदा वेगवान रेघा असत. तिसऱ्या रविवारी चार. आठव्या रविवारी एकही नाही. मी त्याचा आलेख काढला. इतका स्वच्छ उतरता आलेख प्रत्यक्ष मोजणीतून सहसा मिळत नाही. मी तो छापून घरी फ्रिजवर लावला होता.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एकतीस घरांत एकाच दिवशी एकतीस नोटिसा पोचल्या.

मी घरी आले तेव्हा धैर्यशील जेवणाच्या टेबलाशी बसला होता. आई आत भाकरी थापत होती. तिला अजून काही सांगितलेलं नसावं, कारण थापण्याचा आवाज नेहमीसारखाच येत होता.

त्यानं कागद माझ्याकडे सरकवला. तीन वर्षांतल्या एकशे सतरा शर्यती. प्रत्येकीची तारीख, वेळ, वेग. जुळणीची खात्री नव्व्याण्णव टक्क्यांवर. जुनं काही पुसलेलं नव्हतं, तार ऐकायला लागल्यापासूनचं सगळं साठवलेलं होतं. ट्रॅकवर ऐकलेल्या शड्डूला नाव मिळालं आणि तेच नाव मागे जाऊन तीन वर्षांच्या रेघांना चिकटवलं गेलं. रस्त्याला फक्त नावं ठाऊक नव्हती. ती मी यादी करून दिली होती.

"शेवटचं पान बघ," धैर्यशील म्हणाला.

शेवटच्या पानावर पद्धत दिली होती. ओळखीचे चार निकष. पहिल्यापुढे लिहिलं होतं: 'शड्डू घटक. वर्गीकरण: ते. चौगुले.'

सरांनी कुणाचं श्रेय कधी बुडवलं नव्हतं.

"मला माहीत न्हवतं," मी म्हणाले.

"काय माहीत न्हवतं? रस्ता ऐकतोय ते?"

मी कागद खाली ठेवला. खोटं बोलता आलं असतं.

"कवापासून माहीत हाय?"

"लागल्यापासून."

त्यानं मान हलवली, फौंड्रीत एखादं माप चुकीचं निघाल्यावर हलवतो तशी. "मोहसीन हुता तवापासून. त्याला बी सांगितलं न्हाईस." मग तो उठला. फ्रिजवरचा आलेख त्यानं काढला, नीट चार घड्या घातल्या आणि माझ्या पानाशेजारी ठेवला. "आईला तू सांग. मला ह्या शास्त्रातलं कळत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या खोलीत गेले. ते माझी वाट बघत असावेत. समोरची खुर्ची रिकामी करून ठेवली होती.

"आपण शब्द दिला होता," मी म्हणाले.

"तू दिलास. मी म्हणालो होतो, मला वाटत नाही."

"तेव्हा खरंच वाटत नव्हतं?"

सरांनी टेबलावरची फाईल माझ्यापुढे केली. लपवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही, हे मान्य करायला हवं. गृहखात्याशी झालेला करार होता. शर्यती ओळखणारी यंत्रणा सिद्ध करून दाखवायची, त्या बदल्यात खातं सगळ्या घाटांत तार टाकायला निधी देणार. खाली तारीख होती चार नोव्हेंबर. पहिल्या रविवारच्या बारा दिवस आधीची.

"चाळीस गावं आहेत दरडींच्या खाली," ते म्हणाले. "तीन वर्षं मी निधी मागतोय. दरडीसाठी कोणी देत नाही. दरड एकदा पडते, बातमी होते, संपतं. शर्यतीसाठी एका बैठकीत मिळाला. एका बाजूला एकतीस परवाने आणि दुसऱ्या बाजूला चाळीस गावं. तू मांड हे समीकरण. प्रामाणिकपणे मांड."

मी मांडलं. तिथे बसल्या बसल्या मांडलं, आणि उत्तर त्यांच्यासारखंच आलं. त्याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला.

"मग मला आधी का नाही विचारलंत?"

"तू हो म्हणाली असतीस?"

"कदाचित."

"पण मग गॅरेजमध्ये जाऊन त्यांना 'या' म्हणाली असतीस?" सर म्हणाले. "त्यांचा तुझ्यावर विश्वास होता. तो टिकायला तुझाही कशावर तरी असायला हवा होता."

मी राजीनामा लिहून दिला. तो त्यांनी व्यवस्थित वाचला आणि एका शब्दाचं ऱ्हस्व-दीर्घ पेन्सिलनं सुधारलं.

फेब्रुवारीत सुनावणी होती. तोवर मला एक युक्ती सुचली होती, आणि ती मला अचूक वाटत होती. यंत्रणेचा मुख्य आधार शड्डू. शड्डू म्हणजे लय, आणि लय कोणालाही शिकता येते. मी धैर्यशीलचा शड्डू ठोकून दाखवला आणि यंत्रानं मला धैर्यशील म्हटलं, तर सगळ्या नोटिसा कोसळतात. दहा दिवस मी शेजाऱ्यांच्या जुन्या गाडीवर सराव केला.

सुनावणी परिवहन कार्यालयाच्या आवारात ठेवली होती. तारेचा एक तुकडा तिथे पुरलेला होता. जप्त केलेल्या गाड्यांतली धैर्यशीलचीच मला दिली. भिंतीशी एकतीस जण उभे होते. उपाध्ये सर यंत्राशेजारी होते.

अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होत्या, सौम्य आवाजाच्या. "तुम्ही नेमकं काय करणार आहात, ते आधी नोंदीसाठी सांगा."

"मी माझ्या भावाचा शड्डू ठोकणार आहे," मी म्हणाले. "दोन आखूड, एक लांब, एक आखूड. यंत्र मला धैर्यशील चौगुले म्हणेल."

मी क्लच दाबला. ठोकला.

दुसऱ्याचा शड्डू घ्यायचा नाही, हा नियम मला लहानपणापासून माहीत होता. तरीही आवारात तो आवाज घुमला तेव्हा मला कळलं, की हा नियम मला फक्त माहिती म्हणून ठाऊक होता. जब्बारभाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं. धैर्यशीलनं फिरवलं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नावाचं काही त्याच्यासमोर कोणी उचलून नेत होतं आणि ती मी होते.

यंत्रावर आकडा आला. नमुना सात, धैर्यशील चौगुले, शहाण्णव टक्के.

"बघा," मी म्हणाले.

"शड्डू जुळला," उपाध्ये सर शांतपणे म्हणाले. "पण निकष चार आहेत. उभ्या गाडीच्या भारानं तार किती दबते तेही आपण बघतो. इथे भार बावीस किलोनं कमी आहे. म्हणजे हा शड्डू त्या माणसाचा असून दुसऱ्याच कोणी ठोकला, हे यंत्रणेनं बरोबर ओळखलंय."

अध्यक्ष लिहीत होत्या. लिहिता लिहिता थांबल्या. "आणि हा नमुना तुमच्या भावाचाच आहे, हे तुम्ही स्वतः नोंदीत सांगितलंत. बरोबर?"

तोवर यंत्राकडे सगळी संभाव्यताच होती. शड्डू धैर्यशीलचा आहे असं सांगणारा एकही माणूस खात्याकडे नव्हता. आता होता.

"बरोबर," मी म्हणाले.

एकतीस परवाने रद्द झाले. गाड्या एका सोमवारी चेपल्या, तासाला सहा या वेगानं. जब्बारभाईंनी आपली गाडी स्वतः ढकलत नेऊन दिली.

ट्रॅक बंद झाला नाही, ही यातली सांगण्यासारखी गोष्ट. प्रयोग यशस्वी ठरला होता. धावपट्टीला तारेचं कुंपण आलं आणि फाटकावर माझा आलेख मोठा करून लावला आहे, स्वच्छ उतरता. त्याखाली नियम आहेत. पहिलाच: वैध परवाना आवश्यक. दर रविवारी लांबून टेम्पोत घातलेल्या गाड्या येतात, कातडी सूट घातलेली माणसं येतात. ज्यांच्यासाठी मी ते मागितलं होतं त्यांतला एकही जण त्या फाटकातून आत जाऊ शकत नाही. परवाना नसलेल्या माणसाला चालवायला एकच जागा उरते.

धैर्यशील माझ्याशी बोलत नाही. म्हणजे, 'मीठ दे', 'आईचं औषध आणलंयस का' एवढं बोलतो. एप्रिलमध्ये तो एका शनिवारी हातांना ग्रीसचा वास घेऊन आला आणि पहाटेचा गजर लावून झोपला. कुणाची गाडी, ते मी विचारलं नाही.

पहाटे त्याच्या मागोमाग मी बाहेर पडले. पुलाकडे गेले नाही. सायकलनं आडवाटेनं फाट्यावर पोचले, मोहसीन गेला तिथे. उजाडत होतं. कारखान्याच्या चिमणीला धूर नव्हता. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले तेव्हा खालच्या तारेवर माझी पावलं उमटली असणार, साठ-सत्तर हर्ट्झची दोन बारीक टिंबं, त्यांना नाव नाही.

बाजूच्या रस्त्यानं दिव्यांची जोडी येत होती. दुधाचा टेम्पो. मी पिशवीतून ट्रॅकवरचा नारिंगी झेंडा काढला आणि मध्ये उभी राहून आडवा धरला. टेम्पो थांबला.

"काय झालं ओ ताई?" ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "रस्ता खचलाय का?"

"दोन मिनिटं थांबा."

"कशाला?"

"थांबा की जरा."

त्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. साडेतीन किलोमीटरवर पुलाजवळ दोन इंजिनं चालू असल्याचं मला जेमतेम ऐकू येत होतं. मी कान लावला. दोन आखूड, एक लांब. त्या पहिल्या आखूड ठोक्याची मी वाट बघत होते.

तो आला नाही. दोन्ही इंजिनं काही न बोलता सुटली. आता कोणीच ठोकत नाही, रस्ता ऐकतो म्हणून. आपसात त्यांनी ते ठरवलं असेल तेव्हा जब्बारभाई काय म्हणाले असतील, कोण जाणे.

आवाज जवळ येत चढत गेला. जवळ येणाऱ्या आवाजाची पट्टी चढते आणि पुढे गेल्यावर उतरते, हे गणित मला येतं. त्यावरून वेगही काढता येतो. मी काढला नाही. दोन काळ्या आकृत्या फाट्यावरून गेल्या, एकीमागे एक, हेल्मेटच्या काचा खाली. मी झेंडा धरून उभी होते. दोघांपैकी कोणीही मान वळवली नाही.

"ह्यातला तुमचा कोण हाय का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"हाय," मी म्हणाले.

"कंचा?"

मी झेंडा खाली घेतला आणि त्याला जायला वाट दिली.